म्हातारं मांजर गंभीर आजारी पडतं तेव्हा

तोक्योजवळच्या ग्योतोकुतल्या एखाद्या प्राण्यांच्या दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवून सेन्सेई, म्हणजे डॉक्टर, शांतपणे विचारतात, ‘दो शिमाशो का?’ म्हणजे, पुढे काय करू या? आपल्याकडे हा प्रश्न घरच्यांनी डॉक्टरांना विचारायचा असतो. इथे डॉक्टर तो तुम्हालाच विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. पिंजऱ्यात मांजर, समोर जपानी कांजी अक्षरांनी भरलेला कागद, आणि आपल्याला त्यातलं काहीच नीट कळलेलं नाही, अशा वेळी ‘करा जे शक्य असेल ते सगळं’ हे उत्तर पटकन तोंडून निघतं. ते चूक असतंच असं नाही, पण विचार करून दिलेलंही नसतं.

तोझाई रेल्वे लाइनवर निशी-कासाईपासून उरायासू, मिनामी-ग्योतोकु, ग्योतोकु, म्योदेनपर्यंत मराठी घरं आहेत. नोकरीच्या सुरुवातीला कुणी आणलेलं पिल्लू आता पंधरा-सोळा वर्षांचं होतं आहे. जपानमध्ये घरात पाळलेल्या मांजरांचं सरासरी आयुष्य पंधरा वर्षांच्या पुढे गेलं आहे, त्यामुळे हा प्रसंग आज ना उद्या बहुतेक मांजरवाल्या घरांत येणार. त्या वेळी काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठे थांबायचं, यासाठी हा लेख. यात सांगायचं मुख्य एकच आहे: शेवटचे निर्णय मांजर अजून खातं-पितं आहे तेव्हाच घेऊन ठेवा. रात्री दोन वाजता, मांजर धापा टाकत असताना घेतलेला निर्णय क्वचितच मनासारखा होतो.

म्हातारपण आणि आजार वेगळे करा

‘वय झालं, आता काय’ असं म्हणून तपासणीच टाळणं ही पहिली चूक. म्हाताऱ्या मांजराची काही दुखणी बाहेरून अगदी शेवटची वाटतात, पण ती आटोक्यात येणारी असतात.

थायरॉइड वाढलेलं मांजर भरपूर खाऊनही हाडांचा सापळा होतं, रात्री ओरडत फिरतं. रक्ताच्या तपासणीत ते कळतं आणि रोजच्या गोळीने बऱ्याच मांजरांची तब्येत सुधारते. खाणं सोडलेल्या मांजराचा दात खराब झालेला किंवा हिरडी सुजलेली असू शकते. अचानक आंधळं झालेल्या मांजराचा रक्तदाब वाढलेला असू शकतो. त्यावर औषध आहे, आणि लवकर सुरू केलं तर कधी कधी थोडी नजर परतही येते. उडी मारणं सोडलेलं मांजर ‘शांत झालं’ असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याचे सांधे दुखत असतात. त्यासाठी आता महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शनही मिळतं.

दुसऱ्या गटात येतात बरे न होणारे, पण काही काळ सांभाळता येणारे आजार. त्यात सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे मूत्रपिंडाचा जुनाट आजार. याच्या पायऱ्या जगभर मुख्यतः रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ठरवतात. 1.6 ते 2.8 ही दुसरी पायरी, 2.9 ते 5.0 तिसरी, आणि 5 च्या वर चौथी. दुसऱ्या पायरीवरची मांजरं पथ्य आणि औषधांवर काही वर्षंही काढतात. चौथ्या पायरीवर बोलणं बहुधा आठवड्यांचं आणि महिन्यांचं असतं. मात्र शरीरातलं पाणी कमी झालं असेल तरी हा आकडा वर जातो. म्हणून पहिल्याच दिवसाच्या आकड्यावर आशा सोडू नका. सलाइन दिल्यावर पुन्हा तपासा, मग पायरी ठरवा.

या आजारावर जपानमध्ये बरंच काम झालं आहे. तोरे कंपनीचं ‘राप्रोस’ हे मांजरांच्या मूत्रपिंडाचं औषध 2017 साली इथे मंजूर झालं. तेव्हा तोक्यो विद्यापीठात असलेले डॉ. तोरू मियाझाकी यांच्या एआयएम या प्रथिनावरच्या संशोधनाचा निधी अडल्याची बातमी 2021 मध्ये आली, तेव्हा मांजरप्रेमींनी देणग्यांचा अक्षरशः पाऊस पाडला. त्यातून येणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. पण ‘औषध येणार आहे’ या भरवशावर आजचा निर्णय पुढे ढकलू नका.

तिसऱ्या गटात येतात ते आजार, ज्यांत उपचार म्हणजे मुख्यतः त्रास कमी करणं. म्हाताऱ्या मांजराच्या तोंडातला पसरलेला कर्करोग, छातीत पुन्हा पुन्हा पाणी साठवणारं हृदय किंवा कर्करोग, आणि मूत्रपिंडाच्या आजाराची शेवटची पायरी ही त्याची उदाहरणं. आपलं मांजर कोणत्या गटात आहे हे डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत वदवून घ्या. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

सेन्सेईंना काय विचारायचं

जपानी डॉक्टर वाईट बातमी सौम्य करून सांगतात, आणि तुम्ही विचारल्याशिवाय काही विषय काढतही नाहीत. म्हणून प्रश्न घरूनच लिहून न्या. जपानी चांगलं येणाऱ्या मित्राला सोबत घ्या, नाहीतर फोनवर भाषांतर करून कागदावर उतरवून न्या. विचारायचं ते असं:

• नेमका आजार कोणता, आणि तो नक्की आहे की अंदाज आहे?
• उपचार केले तर ते बरं होईल, टिकेल, की फक्त त्रास कमी होईल?
• उपचारांचा स्वतःचा त्रास किती? किती वेळा यावं लागेल, भूल द्यावी लागेल का, रात्री ठेवून घ्यावं लागेल का?
• ठेवून घेतलं तर रात्री दवाखान्यात माणूस असतो का?
• काहीच केलं नाही तर पुढचे आठवडे कसे जातील?
• हे तुमचं मांजर असतं तर तुम्ही काय केलं असतं?

शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा सर्वांत खरं उत्तर मिळतं.

खर्चाचं ‘मित्सुमोरी’, म्हणजे अंदाजपत्रक, मागायला संकोच करू नका. जपानमध्ये प्राण्यांच्या डॉक्टरांची फी सरकारने किंवा संघटनेने ठरवून दिलेली नाही, प्रत्येक दवाखाना आपली ठरवतो. एकाच तपासणीचे दोन ठिकाणी वेगवेगळे पैसे पडतात ते यामुळे. प्राण्यांचा विमा असेल तर तो साधारणपणे खर्चाच्या 50 किंवा 70 टक्के भरपाई देतो, पण आधीपासूनचा आजार त्यात धरत नाहीत. म्हाताऱ्या मांजराचा नवा विमा घेणंही अवघड असतं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं इथे अपमानाचं मानत नाहीत. ‘केन्सा केक्का’ म्हणजे तपासणीचे निकाल, ते कागदावर मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात मात्र थेट जाता येत नाही. तोक्यो विद्यापीठाचं प्राणी रुग्णालय, मुसाशी-साकाईचं निप्पोन पशुवैद्यक विद्यापीठाचं रुग्णालय, कावासाकीत मुख्य शाखा असलेलं प्रगत प्राणी-वैद्यक केंद्र अशा ठिकाणी नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, ‘शोकाइजो’, लागते. न्यायचं झालंच तर सकाळची तोझाई लाइन टाळा. किबा ते मोंझेन-नाकाचो हा तिचा टप्पा जपानमधल्या सर्वांत गर्दीच्या टप्प्यांत मोजला जात असे. आजारी मांजरासाठी दुपारची गाडी किंवा टॅक्सी बरी. पिंजऱ्यावर चादर टाकली की मांजर कमी घाबरतं.

घरी जमेल का?

मूत्रपिंडाच्या आजारात ‘हिका तेन्तेकी’ ठरलेली, म्हणजे कातडीखाली सलाइन. डॉक्टर शिकवतात आणि बरेच लोक ते घरी देतात. मांजर मांडीवर बसून मुकाट घेत असेल तर त्याने महिनोन् महिने बरे जातात. किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. हृदय कमकुवत असलेल्या मांजराला जास्त पाणी दिलं तर ते फुप्फुसात साचतं.

पण प्रत्येक मांजर घेऊ देत नाही. रोज सोफ्याखालून ओढून काढायचं, टॉवेलमध्ये गुंडाळायचं, ते ओरडणार, चावणार आणि तुम्हाला बघून पळणार, असं होऊ लागलं तर तो उपचार त्याच्यासाठी चांगला उरत नाही. डॉक्टरांना सांगा. गोळीऐवजी पातळ औषध, कानाला लावायचं मलम, किंवा काही औषधं बंद करणं, असे पर्याय असतात. सगळी औषधं देण्याच्या हट्टात मांजराचे शेवटचे दिवस आपल्याला घाबरण्यात जाऊ नयेत.

मळमळ हे न खाण्याचं मोठं कारण असतं. तिच्यावर आणि भुकेवर औषधं आहेत, ती मागा. अन्न थोडं कोमट करा, म्हणजे वास येतो. पथ्याचं अन्न नाकारत असेल तर शेवटच्या टप्प्यात ‘च्यूरू’ हा मांजरांचा पातळ खाऊ चाटला तरी चालेल. काहीही न खाण्यापेक्षा आवडीचं खाणं बरं, कारण दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून नवाच आजार उभा राहतो. मातीचा डबा कमी उंचीचा घ्या आणि झोपायच्या जागेजवळ ठेवा. हिवाळ्यात उबदार जागा द्या, पण उठून बाजूला होता येत नसलेल्या मांजराला तापणाऱ्या गादीवर ठेवू नका, भाजतं.

आणि एक कडक सूचना. घरातल्या औषधांच्या डब्यातली क्रोसिन, डोलो, किंवा इथली कारोनारु यांतलं पॅरासिटामॉल मांजराला एका गोळीनेही मारू शकतं. आयबुप्रोफेनही विषारीच. ताप दिसला, दुखतंय वाटलं, म्हणून माणसाचं औषध कधीही देऊ नका. कांदा-लसूण घातलेला रस्सा भातावर घालून देणंही बंद करा, त्याने मांजराच्या रक्तातल्या पेशी फुटतात. भेटायला येणाऱ्यांनी लिली आणली तर ती घरात घेऊ नका. तिचे परागकण चाटले तरी मूत्रपिंड निकामी होतात.

त्याला दुखतंय का?

मांजर दुखणं लपवतं. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असं धरून चालू नका. 2019 साली मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक सोपी पट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळे किती आवळलेले, नाकाडाचा ताण, मिशांची दिशा आणि डोकं किती खाली, या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे. बेरीज 4 किंवा जास्त झाली तर वेदनेवर औषध हवं. मांजर जागं आणि शांत असताना बघा, खाताना किंवा अंग चाटताना नको.

आणखी तीन नोंदी ठेवा. पहिली, झोपेतला श्वास. मिनिटाला 30 च्या वर सतत जात असेल तर डॉक्टरांना कळवा. दुसरी, वजन. मांजर हातात घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, दर आठवड्याला तोच दिवस धरा. तिसरी, कॅलेंडरवर रोज एक खूण: दिवस बरा गेला की वाईट. ही खूण शक्यतो घरातल्या दोघांनी वेगवेगळी करावी, कारण जो रोज औषध देतो त्याला वाईट दिवस लवकर दिसत नाही.

अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी सात गोष्टींची एक यादी केली आहे आणि ती जगभर वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटांपेक्षा बरे दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला 0 ते 10 गुण. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळणं चालू ठेवायला हरकत नाही. गुण देताना एक पथ्य पाळा. आज त्याचं कसं चाललं आहे त्याचे गुण द्या, पूर्वी ते किती गोड होतं त्याचे नको.

रेषा आधीच आखा

घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून तीन-चार अटी कागदावर लिहा. त्या तुमच्या मांजराच्या असाव्यात. दारात येऊन स्वागत करणं हाच ज्याचा स्वभाव, ते दोन दिवस अंथरुणातून उठलं नाही, तर ती एक अट. दोन दिवस च्यूरूसुद्धा नाकारणं, डब्यापर्यंत जाता न येणं, औषध देऊनही श्वास कष्टाने घेणं, आठवड्यात वाईट दिवस बऱ्यांपेक्षा जास्त होणं, या इतर अटी. त्यांतल्या दोन पूर्ण झाल्या की डॉक्टरांशी शेवटाबद्दल बोलायचं, असं ठरवा. ‘आणखी चार दिवस बघू’ हे वाक्य कुणाच्या तरी तोंडी येणारच, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

काही गोष्टींत मात्र बघत बसायचं नसतं. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, मागचे पाय एकाएकी लुळे आणि गार पडणं, बोक्याला लघवी न होणं, झटके थांबत नसणं, यांत लगेच निघा. मागचे पाय असे जातात तेव्हा बहुधा हृदयातली रक्ताची गुठळी अडकलेली असते आणि वेदना भयंकर असते. रात्री उघडा असलेला दवाखाना, ‘याकान क्यूक्यू’, आपल्या भागात कुठला, हे आजच नेहमीच्या डॉक्टरांना विचारून नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

दोन वाटा

जपानमध्ये बरेच लोक ‘मितोरी’ निवडतात, म्हणजे घरी, सोबत बसून शेवटपर्यंत सांभाळणं. मराठी मनालाही हीच वाट जवळची वाटते. जीव आपण घ्यायचा नाही, जाईल तेव्हा जाईल, असं गावाकडून फोनवरही सांगितलं जातं. ही वाट चांगली आहे, पण एका अटीवर: वेदना आणि मळमळ यांवर औषध हवं. मूत्रपिंड पूर्ण थांबल्यावर रक्तात विष साचतं. मळमळ, तोंडात फोड, शेवटी झटके येऊ शकतात. काही मांजरं झोपेत जातात, सगळी जात नाहीत. औषधाशिवाय नुसतं बघत बसणं याला नैसर्गिक मरण म्हणून पुण्य चिकटवू नये. घरी येणारे डॉक्टर आहेत. ‘ओशिन’ करणाऱ्यांची चौकशी आधी करून ठेवा.

दुसरी वाट दयामरणाची, इथे ‘आनराकुशी’. जपानच्या प्राणी संरक्षण कायद्यातल्या 40 व्या कलमानुसार प्राण्याला मारणं भाग पडलं तर शक्यतो यातना न देणारी पद्धत वापरली पाहिजे. विनाकारण प्राणी मारण्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीत वाढून पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाख येनपर्यंत दंड अशी झाली. म्हणून हे काम डॉक्टरांचंच, घरी स्वतः काही करण्याचा प्रश्नच नाही. काही डॉक्टर दयामरण देत नाहीत, काही शेवटच्या टप्प्यातच देतात. ‘वेळ आली तर तुम्ही कराल का?’ हे आधीच विचारून घ्या. आयत्या वेळी नवा दवाखाना शोधावा लागला तर मांजराचे आणि तुमचे हाल होतात.

होतं ते असं: आधी गुंगीचं इंजेक्शन, मांजर गाढ झोपतं. मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, लघवी होऊ शकते, एखादा खोल श्वास नंतरही येतो. तो शरीराचा प्रतिसाद असतो, त्या वेळी त्याला काही जाणवत नसतं. हे आधी माहीत असेल तर जवळ बसणं सोपं जातं. बसायचं की बाहेर थांबायचं हे ज्याने त्याने ठरवावं.

या दोन वाटांतली एक पापाची आणि दुसरी पुण्याची, असं मानू नका. मांजराला आपलं तत्त्वज्ञान कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच की दुखतंय की नाही, ऊब आहे की नाही, ओळखीचा आवाज जवळ आहे की नाही.

मुंबई-पुण्याचं तिकीट

सुट्टीचं तिकीट काढलेलं असताना मांजर आजारी पडणं नेहमीचं. त्याला भारतात नेऊन परत आणू असा विचार असेल तर तो सोडा. भारतातून जपानमध्ये मांजर आणताना मायक्रोचिप, रेबीजच्या दोन लसी, रक्ततपासणी आणि त्यानंतर 180 दिवसांची प्रतीक्षा लागते. कायमचं परतायचं असेल तर भारताच्या प्राणी विलगीकरण खात्याची आगाऊ परवानगी आणि प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरी दाखला हवा. गंभीर आजारी मांजराला तो मिळणं कठीण, आणि मिळाला तरी सामानाच्या कक्षातला प्रवास त्याला झेपणार नाही. बदलीची तारीख आणि मांजराची शेवटची पायरी एकत्र येत असतील तर घरातल्या एकाने मागे राहणं, किंवा मांजराच्या ओळखीच्या माणसाकडे त्याच्याच घरात सोय करणं, हे पर्याय बघा. अनोळखी घरात शेवटचे आठवडे काढायला लावणं हा उपाय नाही.

गेल्यानंतर

शरीर खोक्यात टॉवेलवर ठेवा, पाय हलके दुमडा, पोटाला आणि डोक्याला बर्फाच्या पिशव्या लावा. एक-दोन दिवस असं ठेवता येतं, म्हणजे मुलांना शाळेतून येऊन निरोप घेता येतो. दहनाचे साधारण तीन प्रकार असतात. इतरांबरोबर एकत्र, वेगळं पण तुमच्या गैरहजेरीत, आणि तुमच्या समोर. एकत्र दहनात अस्थी परत मिळत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. काय सोय आहे ते आपल्या शहराच्या कार्यालयात आणि खासगी प्राणी-स्मशानांत विचारा, आणि किंमत लेखी घ्या. एदोगावा नदीच्या काठावर किंवा सार्वजनिक बागेत पुरू नका, सार्वजनिक जागेत ते बेकायदा आहे. मांजराची मायक्रोचिप सरकारी नोंदीत असेल तर मृत्यूची नोंद करायला विसरू नका.

लहान मुलांना ‘झोपलं’ किंवा ‘गावाला गेलं’ असं सांगू नका. मेलं, आता परत येणार नाही, आपण त्याला दुखू दिलं नाही, एवढं खरं त्यांना पेलतं.

घरात म्हातारं मांजर असेल तर या आठवड्यातच चार कामं करा: रक्त आणि रक्तदाब तपासून घ्या, रात्रीच्या दवाखान्याचा नंबर साठवा, दयामरणाबद्दल डॉक्टरांचं मत विचारा, आणि घरच्यांबरोबर बसून अटींचा कागद लिहा. मांजर आज ठणठणीत असलं तरी करा.